अर्धी राहिलेली माशी

इस्पितळाच्या तळघरात चादरी शिवायची एक खोली होती. खोली कसली, बॉयलरच्या भिंतीला लागून काढलेला लांबट बोळच तो. एका बाजूला शिलाई मशिनं, दुसऱ्या बाजूला फाटक्या चादरींचे, उशांच्या अभ्र्यांचे आणि रुग्णांच्या झग्यांचे ढीग. मावशीची उभी हयात त्या बोळात गेली. तिला सख्खं भाचरू एकही नव्हतं, पण नर्सेसपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळे तिला मावशीच म्हणायचे. खरं नाव घेऊन कुणी हाक मारली असती तर तिने वळूनही पाहिलं नसतं.

तिचा नवरा नदीवर वाटाड्या होता. उन्हाळ्यात समुद्रातून सॅमन मासे नदीत चढून येत, आणि त्यांच्यामागे लांबलांबून हौशी लोक येत. कोणत्या डोहात मासा थांबतो, कुठल्या दगडावर उभं राहायचं, दोरी कशी फेकायची, हे त्यांना सांगायचं काम त्याचं. पण नदीकाठी त्याला वस्ताद म्हणत ते यामुळे नाही. वस्ताद म्हणत ते माश्यांमुळे.

ही माशी म्हणजे गुळावर बसते ती नव्हे. लोखंडी गळावर रेशीम, जर आणि पिसं बांधून केलेली सजावट म्हणजे माशी. पाण्यातून ती सळसळत गेली की मासा तिच्यावर झेप घेतो. साध्या माश्या कुणीही बांधतं. वस्ताद जुन्या धर्तीच्या बांधायचे. एकेका माशीत दहा पक्ष्यांची पिसं. हंसाची लाल, पिवळी, निळी रंगवलेली, माळढोकाची ठिपक्यांची, सोनेरी फेजंटच्या डोक्यावरच्या तुऱ्याची, रानकोंबड्याच्या मानेवरची, ज्यांच्यावर मेणाचा थेंब सांडल्यासारखा पांढरा ठिपका असतो. असली माशी कुठल्याच खऱ्या किड्यासारखी दिसत नाही, आणि दिसायलाही नको, असं वस्तादांचं म्हणणं. सॅमन नदीत शिरला की काही खातच नाही, मग त्याला खाण्याचं सोंग कशाला दाखवायचं?

मावशीने एकदा विचारलं होतं, खात नाही तर मग धरतो कशाला तोंडात? वस्ताद म्हणाले, रागाने. त्यांचा दोस्त नावाडी तिथेच चहा पीत बसला होता. तो म्हणाला, राग बिग काही नाही, लहानपणी खाल्लेलं आठवतं त्याला. यावर दोघं दोस्त दिवे लागेपर्यंत भांडले. मावशीने भांडी घासून घेतली.

माशी बांधायचा हंगाम म्हणजे थंडी. नदी गोठली की वस्ताद खिडकीजवळच्या टेबलाशी बसत. टेबलाच्या कडेला एक छोटा शिकंजा घट्ट बसवलेला, त्यात गळ अडकवलेला, आणि वस्तादांची पाठ खोलीकडे. मावशी दमून भागून घरी यायची तेव्हा ती पाठ तिचं स्वागत करायची. "लोकांचे नवरे रिकामपणी माश्या मारतात," ती चादरींच्या खोलीत सांगायची, "आमचे बांधतात." बायका खो खो हसायच्या. तीही हसायची. पण त्या डबीतल्या रंगीबेरंगी माश्यांना ती पाण्यात पाहायची, हेही खरं. सवत परवडली, तिच्याशी निदान भांडता येतं. वस्ताद पाहुण्यांना माश्या देत, नावाड्याला देत, एकदा दातांच्या डॉक्टरलाही दिली होती. हिला कधी दिली नाही. हिनेही कधी मागितली नाही. मागून करायचं काय, केसांत माळायची?

पिसांची पेटी उघडली की वस्तादांना दुसरं काही सुचायचं नाही. "यांना पिसं लागलंय," असं ती लेकीला सांगायची, आणि लेक म्हणायची, "आई, शब्द अगदी बरोबर वापरलास."

एका थंडीत, असेच टेबलाशी बसलेले असताना, वस्तादांना लकवा मारला. मावशी कामावरून आली तेव्हा पाठ तिथेच होती, पण एका बाजूला कलली होती. ती म्हणाली, अहो, मान तरी सरळ ठेवा. मग तिने पुढे जाऊन तोंड पाहिलं.

ते वाचले, पण उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. तोंडात दोनच शब्द उरले. एक "नाही" आणि दुसरा "उद्या". हेच दोन का उरले ते डॉक्टरांनाही सांगता येईना. दुखतंय का विचारलं तर "उद्या". चहा घेता का विचारलं तर "उद्या", आणि कप पुढे केला की डाव्या हाताने घेत. मावशीला पहिले काही दिवस हसू यायचं. मग एकदा तिच्या ध्यानात आलं की "अगं" गेलं. सगळ्या संसारात त्यांनी तिला दुसरी हाक मारलीच नव्हती, आणि नेमकी तीच गेली.

घरी आणल्यावर त्यांनी खुर्ची टेबलाशी ओढायची खूण केली. शिकंज्यात माशी तशीच होती, अर्धी. शेपूट झालेली, अंग झालेलं, पिवळ्या रेशमाच्या गुळगुळीत वेढ्यांवरून चांदीची जर तिरकी फिरवलेली. पंख तेवढा राहिला होता. वस्ताद तिच्याकडे पाहत बसत आणि डोळ्यांतून पाणी गळे. बोलायला शिकवणारी मुलगी आठवड्यातून एकदा यायची. ती म्हणाली, हे समोरून हलवा, त्यांना त्रास होतो. मावशीने टेबल आवरून सगळं कपाटात ठेवलं. त्या दिवशी वस्तादांनी तोंड मिटून घेतलं. घास नाही, पाणी नाही, चहासुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी तेच. मावशीने कपाळाला हात लावला, शिकंजा परत आणला आणि टेबलाला आवळला.

"आता हे कोण पुरं करणार?" ती वैतागून म्हणाली. "मी करू?"

"नाही," वस्ताद म्हणाले.

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच "नाही" नेमकं जागेवर पडलं होतं. मावशीला तो नकार ऐकून जेवढं बरं वाटलं तेवढं आयुष्यात कुठल्या होकाराने वाटलं नसेल. तिने पेटीतून एक रिकामा गळ काढला आणि मुद्दाम, त्यांच्या डोळ्यांदेखत, हाताला येईल ते पीस त्याला गुंडाळायला घेतलं. वस्तादांचा चेहरा असा झाला की जणू कुणी चांगल्या भाजीत राख कालवतंय. "नाही," ते म्हणाले. "नाही, नाही." आणि डाव्या हाताने तिच्या मनगटावर चापट मारली.

शिकवणी सुरू झाली ती अशी.

पहिली अडचण तिच्या हातांची निघाली. इस्पितळाच्या चादरी म्हणजे ब्लीचिंगने धुतलेलं जाडं कापड. ते उलटंपालटं करून तिची बोटं किसणीसारखी झाली होती. माशीच्या अंगाचं रेशीम पिळाचं नसतं, सुटं असतं, श्वासानेसुद्धा विस्कटतं. तिने हातात धरलं की लगेच त्याचे तंतू कातडीत अडकून फुलायचे. वस्तादांनी तिचा हात ओढून घेतला, बोटांची टोकं आपल्या अंगठ्याने चाचपली आणि मान हलवली. मग मावशी रोज पायाला लावायच्या दगडाने बोटं घासू लागली. तेल चोळू लागली, कामावर रबरी मोजे घालू लागली. चादरींच्या खोलीत बायका म्हणाल्या, मावशी, या वयात हात कुणासाठी मऊ करताय? ती म्हणाली, नवऱ्यासाठी. बायकांना ती चेष्टा वाटली.

हळूहळू दोरा गळावर बसू लागला. मेण किती लावायचं ते तिला वासावरून कळू लागलं. रेशमाचे वेढे एकमेकांवर न चढता शेजारी शेजारी पडू लागले. चुकलं की "नाही". बरोबर आलं की वस्ताद काहीच बोलत नसत, नुसते पुढच्या वस्तूकडे बोट करत. संसारभर त्यांनी कौतुक केलं नाही असं वाटलं, ते असंच न बोलता केलं होतं की काय, हा विचार तिच्या मनात आला. तिला त्याचा रागही आला आणि दुसरंही काहीतरी झालं. तिने दोरा ओढला आणि तो तुटला. "नाही," वस्ताद म्हणाले.

पंखाशी मात्र गाडी अडली. वेगवेगळ्या पिसांच्या बारीक पट्ट्या काढायच्या, कडेला कड लावायची आणि चिमटीत धरून हलकेच ओढायची. पिसाच्या तंतूंना डोळ्यांना न दिसणारे आकडे असतात. ते एकमेकांत गुंतले की लाल, पिवळं, निळं, करडं मिळून एक अखंड पंख होतो, जसा काही असला पक्षी कुठे असतोच. मावशीच्या पट्ट्या जुळायच्याच नाहीत. लाल पिवळ्याला लावावी तर क्षणभर चिकटे आणि फाटकन वेगळी होई. वस्ताद "नाही, नाही" करून थकले. तीही रडकुंडीला आली.

मग वस्ताद पायाने काहीतरी ढकलू लागले. त्यांचे बूट. मावशीला वाटलं बाहेर जायचंय. कोट आणला. "नाही." बूट घालायला वाकली. "नाही." वस्तादांनी चांगल्या पायाने डावा बूट उजवीकडे सरकवला, उजवा डावीकडे, आणि तिच्याकडे पाहत राहिले. मावशी दोन उलटे बूट बघत तशीच जमिनीवर बसून राहिली. मग उठून तिने पिसं पालथी सुलटी करून पाहिली. पक्ष्याच्या डाव्या पंखातलं पीस डावीकडे झुकतं, उजव्यातलं उजवीकडे. ती दोन्हींची खिचडी करत होती. डाव्याला डावंच लागतं. तिने दोन डाव्या पट्ट्या घेतल्या, चिमटीत धरल्या, ओढल्या. त्या जुळल्या. हलवल्या तरी सुटेनात.

वस्ताद हसले. तोंडाची एकच बाजू हसली, पण हसले. मावशीने त्या संध्याकाळी लेकीला फोन करून बुटांची गोष्ट सांगितली. लेक म्हणाली, "आई, तुम्ही दोघं इतकं बोलताय असं मी कधी ऐकलंच नव्हतं."

पण एक माशी पुरी बांधणं आणि वस्तादांच्या अर्ध्या माशीला पंख लावणं यात जमीन-अस्मानाचा फरक. मावशी दुसऱ्या गळांवर हात बसवत राहिली. चुकलेल्या माश्यांनी डबा भरला. अर्ध्या माशीकडे तिने बोट केलं की वस्ताद म्हणायचे, "उद्या." हाही शब्द आता जागेवर पडू लागला होता. ती म्हणायची, बरं, उद्या.

बर्फ वितळून नदी मोकळी झाली, नावाड्याने नाव काढून तिला डांबर फासलं, आणि सगळं मार्गी लागतंय असं वाटत असतानाच कुठे माशी शिंकली कोण जाणे. वस्तादांना दुसरा झटका आला. या वेळी अंगाचं फारसं काही बिघडलं नाही. गेली ती ओळख. लेक भेटायला आली तर तिच्याकडे नर्सकडे पाहावं तसं पाहिलं. "नाही" आणि "उद्या" हेही शब्द गेले. घरी आणल्यावर मावशीने खुर्ची टेबलाशी लावली. ते खिडकीबाहेर बघत बसले. पेटी उघडून तुऱ्याची सोनेरी पिसं पुढे धरली, तर ती तोंडात घालायला गेले.

मावशीने त्यानंतर अर्ध्या माशीचा पंख लावायला घेतला. का ते तिलाही सांगता आलं नसतं. तिने इस्पितळातून सुट्टी काढली. सकाळच्या उजेडात बसायची, उजेड कलला की उठायची. पट्ट्या काढल्या, जुळवल्या, पसंत न पडून पुन्हा सुट्या केल्या. शेवटी डावा पंख आणि उजवा पंख एकमेकांना टेकवून अंगावर धरले, श्वास रोखून दोऱ्याचा वेढा खाली खेचला. पंख बसला. त्याच्यावर तुऱ्याचं पीस कमानीसारखं. बाजूंना रानकोंबड्याचे पांढरे ठिपके. डोक्याशी काळ्या लाखेचा ठिपका.

तिने शिकंजा सोडवून माशी तळहातावर घेतली आणि वस्तादांसमोर धरली. ते जेवत होते. त्यांनी माशीकडे पाहिलं, कपाळाला आठी घातली, आणि ताटावर बसलेली माशी हाकलावी तसा हात हलवून तिला हाकललं.

मावशीला हसू फुटलं. जिला कुठल्याच किड्यासारखं दिसायचं नव्हतं, तिला वस्तादांनी खरी माशी समजून उडवून लावलं होतं. हे सांगायचं म्हणून ती तोंड उघडून "अहो," म्हणाली, आणि तिथेच थांबली. हे ज्यांना सांगायचं होतं ते या खुर्चीत नव्हते. तिने माशी डबीत ठेवली आणि त्यांच्या हनुवटीवरचं पुसून घेतलं.

उन्हाळा संपता संपता वस्ताद झोपेत गेले.

काही दिवस उलटल्यावर नावाडी आला. दोस्त गेल्यापासून तो पार खचला होता, दाढी वाढलेली, आवाज बसलेला. नदीकाठच्या मासेमारांच्या सभागृहात एक काचेचं कपाट होतं. त्यात वस्तादांच्या जुन्या माश्या होत्याच, पण शेवटची म्हणून एक ठेवावी असं सगळ्यांचं म्हणणं होतं. मावशीने डबी पुढे केली. नावाड्याने चष्मा लावला आणि बरोब्बर तीच उचलली.

"वहिनी, हा हात बघा," तो म्हणाला. "असा पंख लावणारा आता जन्माला यायचाय."

मावशी गप्प राहिली असती तर ती माशी वस्तादांच्या नावाने काचेत गेली असती, आणि तिला त्यात वाईटही वाटलं नसतं. पण तिच्याच्याने गप्प राहवेना. "भाऊजी, अंग त्यांचं आहे," ती म्हणाली. "पंख माझा."

नावाड्याने माशीकडे पाहिलं, मग तिच्या हातांकडे पाहिलं. म्हणाला, तुम्हीच चला सभागृहात, ती त्याच्या माश्यांशेजारी ठेवून बघू. शोभली तर ठेवू.

सभागृहात लाकडाचा आणि ओल्या कोटांचा वास होता. नावाड्याने कपाट उघडून माशी वस्तादांच्या माश्यांच्या रांगेत ठेवली आणि मागे सरकला. "शोभते," तो म्हणाला. "काही फरक नाही." मावशी मात्र वाकून बघत राहिली. वस्तादांचे सगळे पंख अंगावर निजल्यासारखे होते. तिचा किंचित उभा होता. केसभरच, पण उभा. असा पंख पाण्यात लोळतो, पोहत नाही. नावाड्याला ते दिसत नव्हतं. ज्याला दिसलं असतं त्याने लगेच मनगटावर चापट मारली असती.

"नको," ती म्हणाली. "नीट करून आणते."

घरी येऊन तिने माशी शिकंज्यात धरली आणि ब्लेडचं टोक पंखाच्या दोऱ्याखाली घातलं. आपले वेढे कुठे संपतात आणि त्यांचे कुठे सुरू होतात, हे आपल्याला माहीत आहे असं तिला वाटलं होतं. दोरा सुटला, पंख हातात आला. आणि मग गळावर काहीतरी हललं. वस्तादांनी अर्धं काम सोडताना दोरा गाठ मारून संपवला नव्हता, कारण ते उठणार नव्हतेच, पुढे बांधतच जाणार होते. तो नुसता अडकवून ठेवला होता, आणि आजवर तिच्या वेढ्यांनी तो धरून ठेवला होता. चांदीची जर सैल होऊन फिरली. तिच्यामागून पिवळं रेशीम उलगडू लागलं. मावशीने बोट दाबलं, पण रेशीम बोटाखालूनच निसटलं. जिथे धरायला जावं तिथे आणखी सुटायचं. शेवटी शेपटीचं सोनेरी पीस टेबलावर पडलं आणि शिकंज्यात नुसता गळ उरला.

वस्ताद गेले तेव्हा ती रडली नव्हती. लोक म्हणाले होते, मावशी धीराची. आता ती टेबलावर डोकं टेकून रडली. नवऱ्याच्या हातचं शेवटचं काम आपल्याच हाताने उसवलं म्हणून रडली. त्या मुक्या हिवाळ्यासाठी रडली, आणि त्याच्या आधीच्या सगळ्या बोलक्या, वाया गेलेल्या हिवाळ्यांसाठीही. शेजारीण दार वाजवून गेली, हिने उघडलं नाही.

वेढ्यांनी कुरळं झालेलं ते रेशीम पुन्हा वापरण्याजोगं नव्हतं. तिने ते फेकलं नाही, पण जपून कुठे ठेवलंही नाही. ते टेबलावर होतं, मग एक दिवस नव्हतं. खिडकी उघडी राहिली असेल.

पुढच्या थंडीत तिने त्याच गळावर नवी माशी बांधली, पहिल्या दोऱ्यापासून शेवटच्या लाखेपर्यंत. पंख निजला. तिने ती खूप वेळ उजेडात फिरवून पाहिली. बरोबर वाटत होती. पण "नाही" म्हणणारं माणूसच नसलं की बरोबर असण्यालाही फारसा अर्थ राहत नाही, हे तिला त्या दिवशी कळलं. सभागृहाच्या कपाटात तिने ती दिली नाही. तिथे वस्तादांची एक जुनीच माशी ठेवली गेली, आणि ते योग्यच झालं.

नदी मोकळी झाल्यावर नावाड्याने अवघडत विचारलं, वहिनी, ती माशी एकदा पाण्यात घालू का? माशी पाण्यासाठी असते, काचेसाठी नाही, असं वस्तादच म्हणायचा. मावशीने दिली. कागदात गुंडाळून, जपून न्या असं न म्हणता दिली.

दोन दिवसांनी नावाडी आला तो दारातच उभा राहिला, टोपी हातात, शाळेत छडी खायला उभं राहावं तसा. वरच्या डोहात माशाने ती घेतली होती. एकदाच ओढ बसली, दोरी ताठ झाली, आणि तुटली. मासा माशीसकट गेला. नावाडी म्हणाला, चूक माझी, गाठ जुनी होती, मी बघायला हवी होती.

"मोठा होता का?" मावशीने विचारलं.

"दिसलाच नाही वहिनी. नुसतं पाणी हललं."

"बसा," ती म्हणाली. "चहा टाकते." आणि आत जाता जाता थांबून तिने विचारलं, ओढ कशी होती, रागाची की आठवणीची. नावाड्याने टोपी गुडघ्यावर ठेवली, खूप विचार केला, आणि म्हणाला की इतक्या वर्षांत त्याला ते कधीच कळलेलं नाही.